जेवायचं गाणं

अक्षय्य तृतीया, १९९३. वालूर, नारायणरावांच्या घरासमोरचा मांडव. हजर : नवरी, नवरदेव, दोन्हीकडची वऱ्हाडी मंडळी, भटजी, गणपत आचारी, नवरीची आजी गयाबाई, मी (याद्यांसह) आणि मन्मथआप्पा (भोंग्यासह). उशिरा हजर : नवरदेवाचे मामा. गैरहजर : आप्पांचा मुलगा शिवा. शिवा गैरहजर आहे हे सकाळी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ते पहिल्या पंगतीला बुंदी वाढताना लक्षात आलं.

मन्मथआप्पा लाउडस्पीकर लावतात. वालुरात आणि आसपासच्या गावांत लग्न असो, बारसं असो, सप्ताह असो, भोंगा आप्पांचाच. मांडवात आले की ते पहिला हार भोंग्याला घालतात. मग नवरदेवाचा हार आला का, याची चौकशी करतात. एकदा एका वरबापाने चिडून विचारलं, "आप्पा, आज मान कुणाचा?"

"नवरदेव आजच्यापुरता हाय," आप्पा म्हणाले. "भोंगा रोजचा हाय."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. गावातल्या लग्नांच्या याद्या मात्र माझ्याकडे असतात, कारण एका लग्नात मीठ आणायचं राहिलं आणि त्या वेळी मी तिथे होते. तेव्हापासून मांडव पडला की बाईंना बोलवा. त्यामुळे आप्पांची आणि माझी गाठ बऱ्याच मांडवांत पडली. मी पंगतीकडे बघते, ते मशीनकडे. आमचं जमतं. दोघांनाही ऐन वेळी आलेले मामा चालत नाहीत.

आप्पांच्या दुकानाबाहेर एक काळा फळा आहे. त्यावर खडूने दहा पायऱ्यांचा जिना काढलेला असतो आणि प्रत्येक पायरीवर एक गाणं; पहिली पायरी सगळ्यात वरची. रेडिओवर गाणी पायरी-पायरीने चढतात हे आप्पांनी तरुणपणी ऐकलं आणि वालुरात ही सोय का नसावी, असं त्यांना वाटलं. दर सोमवारी सकाळी ते कपाळाला विभूती लावतात, ओल्या फडक्याने फळा पुसतात आणि नवा जिना काढतात. पहिल्या पायरीवर नवं गाणं आलं की भोंग्याला हार आणि उंबऱ्यावर नारळ. येणाऱ्या-जाणाऱ्याला खोबऱ्याचा तुकडा मिळतो आणि त्याबरोबर माहिती मिळते : "हे बगा, पावण्यांचं गाणं उतरायलंय. हे दुसरं चढायलंय. लय चढायलंय."

नियम कडक आहेत. लोकांनी मांडवात येऊन केलेली फर्माईशच धरायची. पिऊन केलेली फर्माईश अर्धी धरायची. आणि मालकाची फर्माईश धरायची नाही. मालक म्हणजे आप्पा. त्यांना स्वतःला कुठलं गाणं आवडतं, हे गावाला कधी कळलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "तराजूवाल्यानं ताटलीत बसू न्हाई."

पहिल्या पायरीवर वर्षानुवर्षं नवरीच्या पाठवणीचं एक गाणं होतं. त्याला हलवणं कठीण होतं, कारण पाठवणी प्रत्येक लग्नात होते आणि त्या गाण्यावाचून नवरीच्या आयांना रडू येत नाही.

अशा जिन्यावर एके दिवशी दहाव्या पायरीला एक इंग्रजी गाणं आलं. नाव नाही. आप्पांनी नुसतं लिहिलं, "जेवायचं गाणं."

ते तसं का झालं, ते सांगते. पंगतीसाठी लोकांना उठवणं हे अवघड काम आहे. ज्यांना भूक आहे ते लाजतात आणि ज्यांना लाज नाही ते आधीच बसलेले असतात. आप्पा माईकवरून लिंगायती नमस्कार घालून पुकारायचे, "समस्त मंडळींना शरणार्थ. पहिल्या पंगतीनं बसून घ्यावं." मग एखादं भक्तिगीत लावायचे. एका लग्नापासून त्यांनी भक्तिगीताच्या जागी ही कॅसेट लावायला सुरुवात केली. सुरुवातीला एकच गिटार, हळू. मग एक पोरगा खालच्या आवाजात काहीतरी म्हणतो, जणू स्वतःशीच. आणि मग सगळी वाद्यं एकदम अशी कोसळतात की लिंबावरचे कावळे उठतात. पुन्हा हळू. पुन्हा कावळे.

पहिल्या दिवशी गणपत आचारी पळी हातात घेऊन बाहेर आला. "आप्पा, मशीन जळायलंय का काय?"

"गाणं हाय."

"कामून वरडायलंय मग?"

"तू वरण बघ."

पण गणपत हुशार माणूस. पाच-सहा लग्नांत त्याच्या लक्षात आलं की या गाण्याला वाढायचा हिशेब आयता बसतो. हळू भागात पत्रावळी, मीठ, लिंबू. आवाज कोसळला की वाढप्यांनी वरणाच्या बादल्या घेऊन सुटायचं. पुन्हा हळू झालं की भाजी. दुसऱ्यांदा कोसळलं की बुंदी. वाढप्यांना ओरडून सांगावं लागेना. लोकांनाही सवय झाली. गिटार वाजली की तान्ही पोरं तोंड उघडायची. पाहुणे एकमेकांना म्हणायचे, "गाणं झालं का तुमचं? आमचं न्हाई झालं अजून." आणि उशीर झाला की मांडवातून आरडाओरडा व्हायचा, "आप्पा, जेवायचं गाणं लावा की!"

ती फर्माईश होती. नियमात बसत होती. आप्पांनी ती धरली.

मी गणित शिकवते. पाठवणी एका लग्नात एकदाच होते, पंगती तीन-चार उठतात. पाठवणी फक्त लग्नात असते, जेवण बारशालाही असतं. हे गाणं वर जाणार हे मला आधीच दिसलं होतं. ते आठवीवर गेलं, पाचवीवर गेलं. सप्ताहाच्या महाप्रसादालासुद्धा लोकांनी तेच मागितलं. कीर्तनकार बुवांनी पहिला घास हातात धरून विचारलं, "हे कोणतं भजन म्हणायचं?"

"परदेशी हाय बुवा," आप्पा म्हणाले. "पण आळवायलंय बगा कुणाला तरी."

बुवांनी ऐकलं, मान डोलावली आणि वरण मागितलं.

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेत यायची. बाकीची गाणी आप्पा लावून देत आणि पान लावत बसत. हे गाणं संपत आलं की ते सगळं सोडून डेकपाशी जात, बटणावर बोट ठेवून उभे राहत आणि शेवटचा सूर विरायच्या आत टेप बंद करत. एकदा मी विचारलं. म्हणाले, "पुढं कोरी हाय. कोरी टेप फिरवली की मशीन झिजतंय."

शिवा हा त्यांचा एकुलता एक मुलगा. आई लहानपणीच गेली. आप्पांनी त्याला वाढवला तो भोंग्याखालीच. शाळेत माझ्या वर्गात होता. गणितात बरा, बाकावर बोटांनी ताल धरण्यात उत्तम. पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आणि दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडून गिटार वाजवायला लागला. सुट्टीत घरी आला तेव्हा दुकानासमोर बापलेकांचं झालं ते अर्ध्या बाजाराने ऐकलं. आप्पा जन्मभर माईकवर बोललेले, त्यांना हळू बोलता येत नाही. "जा," ते म्हणाले, "बघतो तुझ्या गाण्यावर कोण जेवतंय!" शिवा संध्याकाळच्या एसटीने गेला. त्यानंतर आला नाही. आप्पांपुढे कुणी विषय काढला की ते भोंगा पुसायला घेत.

आता पुन्हा त्या अक्षय्य तृतीयेच्या मांडवात.

अक्षता पडल्या. पहिली पंगत बसली. त्या वेळी वाऱ्याने लिंबावरचा भोंगा वाकडा झाला आणि आवाज नारायणरावांच्या गोठ्याकडे जायला लागला. आप्पा शिडी लावून चढले. वरून मला म्हणाले, "बाई, जेवायचं गाणं लावून द्या. पण संपायच्या आत बंद करा. पुढं जाऊ देऊ नका."

मी लावलं. हळू, लिंबू. आवाज, वरण. हळू, भाजी. शेवट जवळ आला तशी मी वेळेवर, सांगितल्याप्रमाणे बटण दाबलं. बटण खाली गेलं आणि वर आलं. टेप चालूच. पुन्हा दाबलं. आप्पा शिडीवरून ओरडले, "आगपेटीची काडी खोचा, काडी!" ते बटण काडी खोचल्याशिवाय धरत नाही, हे यादीत लिहिण्याजोगं होतं, पण मला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटचा सूर विरला. थोडी खरखर झाली. मग भोंग्यातून तोच पोरगा बोलला, पण आता इंग्रजीत नाही.

"आप्पा, मी शिवा. हे गाणं माझंच हाय. आमीच बसवलंय. इकडं कालेजातली पोरं लय मागायलीत, दुसरं काही वाजवूच देत न्हाईत. तुमच्या फळ्यावर बसत असंल तर बसवा. न्हाई बसलं तर न्हाई." मग जरा थांबून, "बसलं तर एक कार्ड टाका."

आणि मग खरोखरच टेप कोरी होती.

पहिल्या पंगतीतला एकही हात तोंडाकडे गेला नाही. वाढपी बुंदीच्या पराती घेऊन उभे राहिले, कारण पुढची खूण त्यांना माहीत नव्हती. आप्पा शिडीवर भोंग्याच्या तोंडाशी होते. गावाला जे दुरून ऐकू आलं ते त्यांना कानाशी ऐकू आलं. त्यांचे दोन्ही हात भोंग्यावर होते आणि ते भोंगा सरळ करत होते. भोंगा केव्हाच सरळ झाला होता.

गयाबाई पत्रावळीवरून मान न उचलता म्हणाल्या, "म्हंजे इतके दिस आपुन शिवाच्याच गाण्यावर जेवायलाव की गं."

आप्पा खाली उतरले. टोपी झटकली, माईक हातात घेतला. "दुसऱ्या पंगतीनं," ते म्हणाले. मग खाकरले. "दुसऱ्या पंगतीनं तयार राहावं. शरणार्थ." टेप उलटी फिरवली आणि गाणं पुन्हा लावलं. शेवटी बटणाशी गेले नाहीत. दुसऱ्या पंगतीनेही शिवाचं बोलणं ऐकलं. तिसऱ्या पंगतीने मुद्दाम हात धुवायचे थांबून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. कामं ज्या त्या वेळी झालेली बरी. "आप्पा, कार्ड टाकलंत का?"

"कशाचं टाकू? दहाव्यावर आलं तवा टाकायचं का? 'तुझं गाणं दहावं हाय' मनून? इंजिनेरी सोडली त्यानं त्याच्यापायी." त्यांनी फळ्याकडे बोट केलं. "आता दुसऱ्यावर हाय. पहिल्यावर गेलं की टाकतो."

"मग तुम्हीच फर्माईश धरायची होती एखादी. कुणाला कळलं असतं?"

"मला." ते म्हणाले. "बापानं चढवलं तर त्याला चढणं मनत न्हाईत, बाई. लोकांनी मागावं लागतंय. आन लोकं मागायला आधी ऐकावं लागतंय. जेवताना माणूस उठून जात न्हाई. मनून पंगतीला लावलं."

मी दहा पोस्टकार्डं आणून त्यांच्या डेकवर ठेवली.

तुळशीच्या लग्नानंतर मांडवांची घाई सुरू झाली आणि एका सोमवारी पाठवणीचं गाणं दुसऱ्या पायरीवर उतरलं. नारळ फुटला. भोंग्याला नेहमीपेक्षा मोठा हार पडला. आप्पांनी मला मुद्दाम शाळेतून बोलावलं आणि खोबरं हातावर ठेवून म्हणाले, "चढलं."

"आता कार्ड."

त्यांनी कार्ड काढलं. पत्ता लिहिला, तो त्यांना पाठ होता. "चि. शिवास" लिहिलं. पेन थांबलं.

"लिहा की, पहिल्या नंबरवर आलं."

"ते तर लिव्हायचंच हाय. पण त्याच्या आधी काही तरी लिव्हावं लागंल ना, बाई? एकदम नंबरच कसा लिव्हावा?" त्यांनी कार्ड फळ्याच्या चौकटीत खोचलं. "सुचलं की लिव्हतो."

जानेवारीत म्हणाले, विद्यापीठाच्या नामांतरावरून एसट्या बंद हायत, कार्ड जाणार कसं? त्या वेळी त्या खरंच बंद होत्या. मग सुरू झाल्या. मग म्हणाले, लगीनसराई हाय.

गाणं पहिल्या पायरीवर आहे. सोमवारी आप्पा ओल्या फडक्याने फळा पुसतात, मग फडक्याच्या कोरड्या टोकाने कार्डावरचा खडू झटकतात आणि ते पुन्हा चौकटीत खोचतात. या महिन्याची माझी बाकी कामं उरकली आहेत : शाळेची पटपडताळणी, दोन साखरपुडे, एक बारसं. आप्पांचं कार्ड राहिलं आहे. "चि. शिवास" इथपर्यंत झालंय.