नाकाची पुनर्नियुक्ती

मानवी शरीर ही अत्यंत क्षमाशील संस्था आहे. माणसाने वर्षानुवर्षे तिच्यात धूर कोंबावा आणि एके दिवशी सिगारेट सोडावी, की ती विनातक्रार डागडुजीला लागते. सेंटच्या दुकानातल्या सेल्समनला डॉक्टरीणबाईंनी हे नीट समजावलं होतं. आधी नाडी ताळ्यावर येते, रक्तातला विषारी वायू ओसरतो, मग छाती खोकून खोकून झाडलोट करते (या टप्प्यात घरचे दुसऱ्या खोलीत झोपतात). दरम्यान चव आणि वास आपापल्या जागी रुजू होतात. हे कलम त्याच्या पोटावर पाय देणार आहे, हे मात्र बाई बोलल्या नव्हत्या.

तो दुकानातला सर्वांत यशस्वी विक्रेता होता, कारण त्याला वासच येत नसे. कुठलीही बाटली उघडून तो डोळे मिटायचा आणि "अहाहा!" म्हणायचा. त्यात तिळमात्र खोट नसे. शंभरातली नव्वद गिऱ्हाइकं तिथेच विरघळायची. (उरलेल्या दहांना वास येत असावा.)

एका सकाळी त्याने सर्वाधिक खपाची बाटली उघडली, डोळे मिटले आणि "अहा"वरच अडला. ओल्या पुठ्ठ्यात कुणी फुलं विसरून गेल्यासारखा वास होता.

"काय झालं हो?" गिऱ्हाईक बाईंनी विचारलं.

"काही नाही. तुम्ही... दुसऱ्या दुकानात बघा."

मालकांनी संध्याकाळपर्यंत कळ काढली. मग त्याला आत बोलावून सिगारेटचं पाकीट पुढे सरकवलं. "तुझ्या फुप्फुसांबद्दल मला आदरच आहे रे. पण जरा दुकानाचाही विचार कर."

पाकिटाला हात न लावता तो घरी आला. बायकोने दार उघडलं, आणि तोच ओला पुठ्ठा! तिच्या दर वाढदिवसाला तोच तर ती बाटली आणत होता.

"खरं सांग, तुला हा वास आवडतो?"

"शी! मुळीच नाही," बायको म्हणाली. "पण तुझा धूर झाकायला इतकंच जालीम काहीतरी लागायचं."

दोघं पोट धरून हसली. त्याला खोकला आला नाही, हे आधी तिच्या लक्षात आलं. तिने बाटली मोरीत ओतली आणि त्याने राजीनामा लिहिला.

हल्ली तो चष्म्यांच्या दुकानात असतो. त्याची नजर बरीच अधू आहे, विक्री उत्तम आहे. समोरच्याकडे डोळे किलकिले करून तो मनापासून म्हणतो, "ही फ्रेम तुम्हालाच शोभते."

तुम्ही आत्ता हे वाचताना डोळ्यांवर चढवलीय ना, तीच.