मावशींचे वाढदिवस

आमच्या शेजारच्या मावशींचा वाढदिवस वर्षातून पाच-सहा वेळा यायचा. एखादं वर्ष चांगलं गेलं तर जास्तच.

आमच्या चर्चची रीत अशी, की आठवड्यात ज्याचा वाढदिवस असेल त्यानं रविवारी उपासना संपता संपता पेटी वाजली, की घरच्यांना घेऊन पुढं जायचं. आभाराचं पाकीट द्यायचं, मान खाली घालून उभं राहायचं. पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवून, नाव घेऊन प्रार्थना करतात. मग पुन्हा पेटी वाजते आणि सगळे टाळ्या वाजवत गातात. मावशी तर पेटीवाल्यानं भाता उघडायच्या आतच निम्म्या वाटेवर असायच्या. एकट्याच.

"मावशी, गेल्याच महिन्यात झाला की तुमचा!" जुने पाळकसाहेब हसत म्हणायचे.

"त्यो गुडघ्याचा हुता साहेब. ह्यो डोळ्याचा."

म्हणजे मोतीबिंदू काढल्याला वर्ष झालं. मिश्री सोडली, तो एक वाढदिवस. जावेशी धरलेला अबोला सोडून तिच्याकडं चहाला गेल्या, तो एक. खरी तारीख कुणालाच माहीत नाही. गारगोटीकडच्या खेड्यातला जन्म, भाताची कापणी चालू होती, एवढंच आईला आठवायचं. आधार कार्डावर एक जून आहे. त्या तारखेला आमच्या गल्लीतले निम्मे म्हातारे जन्मलेत.

"त्या दिवशी सरकारनं मला जन्माला घातलंय," मावशी म्हणतात. "देवानं कवाकवा घातलं, त्ये मी माझं ठरवतो." (आमच्या कोल्हापुरात बायकाही 'येतो', 'जातो'च म्हणतात. कुणाला खटकलं तर खटकू दे.)

मी बी.कॉम. झाले त्या रविवारीही मावशीच पुढं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. हे मी न विचारताही सांगते, आणि का सांगू नये?

"आज कशाचा, मावशी?"

"शेजारची पोरगी पास झाली. आमच्या गल्लीत पदवी जन्माला आली!"

लोक हसले. माझी आई मात्र पदराआड रडत होती.

सत्तरीला टेकल्यावर मावशींनी विजेवरची स्कूटर घेतली. पुण्याच्या मुलानं फोनवर डोकं धरलं. "मम्मी, हाडं मोडून घेशील!"

"बायबलातल्या साराला नव्वदीत पोरगं झालं. तिनं काय हाडं चाचपली व्हय? मी बी साराच की!"

पहिल्या दिवशी त्या मैदानातून थेट भेळेच्या गाडीत घुसल्या. उठल्या, पदरावरचे चुरमुरे झटकले आणि भेळवाल्यालाच म्हणाल्या, "पावणं, गाडी अशी मधी लावत्यात व्हय?"

मग नवे पाळकसाहेब आले. तरुण, सरळ माणूस. त्यांनी सूचनांच्या वेळी जाहीर केलं, की वाढदिवसाला प्रत्येकानं वर्षातून एकदाच यावं आणि तारीख आधी कळवावी. त्यांचंही चूक नव्हतं. रविवारी निम्मी मंडळी मटणाचं वाटण करून ठेवून आलेली असतात, आणि आमची उपासना लांबत चालली होती.

मावशी भांडतील असं सगळ्यांना वाटलं. त्या फक्त "व्हय साहेब" म्हणाल्या आणि सरकारी तारीख देऊन आल्या. जूनमध्ये एकदा पुढं गेल्या आणि पुढच्या रविवारपासून शेवटच्या बाकावर बसायला लागल्या. स्कूटरवर चादर पडली ती निघेना.

एका संध्याकाळी मेथी निवडत बसल्या होत्या. मीही जुडी ओढून घेतली.

"मावशी, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? आभाराचं पाकीट काय, कधीही देता येतं."

"पाकिटाचं न्हाय गं." त्यांनी काडी मोडली. "हे गेल्यापास्नं माझं नाव कोण घेतंय सांग. तू मावशी म्हणतीस. पोरगं मम्मी म्हणतंय, नातवंडं आज्जी, दूधवाला बाई. समदी मायेनंच बोलत्यात, न्हाय कशाला म्हणू? पर सारा म्हणून हाक मारणारं एकच माणूस हुतं. आता तिथं पुढं गेलं, की साहेब डोक्यावर हात ठेवत्यात आन् म्हणत्यात, 'हे बापा, तुझी लेक सारा.' तेवढं ऐकलं की वाटतं, म्हातारी झालो तरी आपलं खातं अजून मिटलं न्हाय. काढ सारा स्कूटर."

मी मेथी निवडत राहिले.

माझा वाढदिवस ऑगस्टातला. त्या रविवारी आई उठली, मी उठले आणि पुढं जायच्या ऐवजी मागं गेले. शेवटच्या बाकापाशी जाऊन मावशींचा हात धरला.

"अगं, माझा न्हाय की आज!"

"माझा आहे. घरच्यांना घेऊन जायची रीत आहे ना? चला."

"लोकं हसतील."

"तुम्ही कधीपासनं लोकांना भ्यायला लागलात?"

आम्ही तिघी उभ्या राहिलो. पाळकसाहेबांनी माझ्यासाठी प्रार्थना केली, आईसाठी केली. मग ते थबकले. मावशींनी मान इतकी खाली घातली होती, की हनुवटी छातीला टेकली होती. साहेबांनी दोन्ही हात त्यांच्या डोक्यावर ठेवले.

"हे बापा, तुझी लेक सारा..."

मावशींचा ऑपरेशन झालेला डोळा आधी वाहायला लागला. दुसरा जरा मागाहून.

पुढच्या रविवारी पेटीवाल्याच्या सुनेचा वाढदिवस होता. जाता जाता तिनं मावशींना उठवलं. त्याच्या पुढच्या रविवारी एका रिटायर मास्तरांनी. आता मावशी जवळजवळ दर रविवारी कुणाच्या तरी घरच्या असतात. नियम तसाच आहे, पाळकसाहेब तो मोडत नाहीत. फक्त "घरचे कोण कोण आलेत?" असं विचारताना आधी शेवटच्या बाकाकडं बघतात. मटणाला उशीर होतो आणि कुणी काही म्हणत नाही.

स्कूटरवरची चादर निघाली आहे. आणि पेटीवाल्याचा भाता अजून बंदच असतो, तेव्हाच मावशी चपला सरळ करून, कोण हात धरतंय ते बघत, बाकाच्या कडेला सरकून बसलेल्या असतात.