लाल रेघ एक नंबरकडे

नेनेकाकांच्या घरी गेलात तर पाण्याच्या आधी हायत्सुंग मिळते. हायत्सुंग म्हणजे खिडकीखालचा तो लोखंडी हीटर. त्याच्या नळाचा रंग एका जागी पार उडालाय, तिथे बोटं टेकवायची. "अंगातली वीज उतरव," काका म्हणतात, "मग आत ये." गणपतीला गुरुजी आले होते, त्यांचीही यातून सुटका झाली नाही. त्यांना वाटलं, नेन्यांचा कुळाचार असेल. त्यांनी नळाला दोन अक्षताही वाहिल्या.

काका आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतात. बर्लिनची भिंत पडली, त्यानंतर लवकरच ते पुण्याहून जर्मनीत येनाला भिंगांच्या कामावर आले आणि इथूनच निवृत्त झाले. काकू गेल्यापासून एकटेच असतात. एक अख्खी खोली त्यांनी जुन्या होम कॉम्प्युटरना देऊन टाकलीय; अंगातल्या विजेची एक ठिणगी लागली तरी त्यांचे भाग जळतात, म्हणून ते हायत्सुंग. मी पंधरा वर्षं आयटीत आहे, त्यामुळे अर्थातच कॉम्प्युटर आतून कधी पाहिला नव्हता. काकांनी पहिल्यांदा झाकण उघडून दाखवलं तेव्हा मी चक्क हात जोडले.

त्यांचं पालुपद एकच: "लाल रेघ एक नंबरकडे!" हार्ड डिस्कची वायर पट्टीसारखी चपटी असते, तिच्या एका कडेला लाल रेघ. ती कॉम्प्युटरमधल्या कार्डावरच्या एक नंबरच्या पिनेकडेच यायला हवी, नाहीतर खेळ खलास. काकांनी हा नियम साऱ्या जगाला लावलाय. माझ्या बायकोने एकदा पानात चटणी उजवीकडे वाढली. काका जेवायचे थांबले. "अगं, लाल रेघ!" तिने मुकाट्याने चटणी डावीकडे सरकवली. मी लग्न झाल्यापासून तिला इतक्या चटकन ऐकताना पाहिलं नव्हतं.

अशा काटेकोर माणसाच्या हातून एकच चूक झाली, आणि तीही भक्तीपोटी. फार वर्षांपूर्वी खंडेनवमीला त्यांनी पकडी-पान्यांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा केली. झाकण उघडं आणि यंत्र चालू. हळद झाली, कुंकू झालं, मग फुलाने पाणी शिंपडलं. हार्ड डिस्कचं कार्ड फट् करून जळलं. काका हे सांगतात तेव्हा आपण हसतो, ते हसत नाहीत.

कारण त्या डिस्कवर मीराचा आवाज आहे. मीरा त्यांची मुलगी, लांब कीलला असते. दर रविवारी फोन करते. काका मराठीत बोलतात, ती जर्मनमध्ये उत्तर देते, त्यांना 'पापा' म्हणते. "गेनाऊ, अगदी, समजतं तिला सगळं," काका आपल्याला सांगतात, आपण काही विचारलेलं नसताना. चार वर्षांची असताना ती मराठीशिवाय काही बोलत नव्हती. तेव्हा काकांनी माइक लावून एकदा तिला त्याच कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केलं होतं. मग किंडरगार्टन सुरू झालं आणि मराठी मागे पडली. डिस्क शाबूत राहिली, पण ती वाचायला त्याच जातीचं कार्ड हवं. ते कार्ड काका वर्षानुवर्षं गावोगावच्या फ्लोमार्क्टमध्ये, जुन्या बाजारांत, शोधत होते.

गेल्या महिन्यात मिळालं. तुटक्या इस्त्र्यांच्या खोक्यात, तळाशी.

शनिवारी दुपारी मला बोलावणं आलं. "एक हात हायत्सुंगला, दुसऱ्या हातात टॉर्च. मी सांगेपर्यंत हात काढायचा नाही."

"अहो काका, पण—"

"घाई नको. डिस्क म्हातारी झालीय. आज फिरली तर फिरली."

काकांनी डोळ्याला भिंग लावलं. कार्डाचे पितळी दात साध्या खोडरबराने घासले, फुंकर न मारता ब्रशने झटकले. चहाचा कप धरताना थरथरणारे ते हात आता दगडासारखे स्थिर होते. दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब देत त्यांनी कार्ड खाचेत बसवलं. मी टॉर्च धरून बघत होतो. माझ्या अख्ख्या नोकरीत मी एकही काम इतक्या मनापासून केलेलं नाही, हे तिथे उभ्या उभ्या मला कळलं. शेवटी वायर. लाल रेघ एक नंबरकडे.

बटण दाबलं. काहीच झालं नाही.

काकांनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने डिस्कच्या कुशीला हळूच एक ठोका दिला. घूंऽऽ करून ती फिरू लागली. पडद्यावर नावांची यादी उमटली, त्यात एक 'मीरा'. आधी नुसती खरखर, मग एक चिमणा आवाज:

"बाबा, ह्याच्या आत कोण राहतं?"

मग तरुण काकांचा: "थांब गं, काम चालू आहे."

"पण कोण राहतं? सांग ना!"

"नंतर सांगतो."

एवढंच होतं. काकांनी भिंग काढलं आणि शर्टाला पुसत राहिले. मग म्हणाले, "मीराला फोन लाव. सांगायचं राहिलंय."

"काका, हात काढावा लागेल."

"काढ."

त्या घरात हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. फोन लागला. काकांनी काही न सांगता थेट उत्तरच दिलं: "मीरा, ह्याच्या आत ना, तू राहतेस."

"वास? पापा, आलेस गुट?" मीरा घाबरली होती, काय झालं, सगळं ठीक आहे ना, असं जर्मनमध्ये विचारत होती.

काकांनी फोन कॉम्प्युटरजवळ धरला आणि बटण दाबलं. चार वाक्यं वाजून संपली.

"नोखमाल," मीरा म्हणाली. पुन्हा एकदा. आणि मग, अगदी हळू, "बाबा."