पितरात आणलेला टीव्ही

रुपरावांनी टीव्ही आणला तो पितरात. एवढंच वाक्य नागपुरात महाल भागातल्या कोणत्याही बाईसमोर बोलून पाहा, पुढची गोष्ट तीच तुम्हाला डोळे मोठे करून सांगेल. पितरांच्या पंधरवड्यात माणूस घरात नवी चादर आणत नाही, आणि या बहाद्दराने अख्खा टीव्ही आणला! (तोही सेकंडहँड. म्हणजे आधीच कुणाच्या तरी घरात राहून आलेला.)

सीताबर्डीवरच्या ओमप्रकाशच्या दुकानात त्या पंधरवड्यात गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. बिचारा माशा मारत बसला होता. रुपराव शिरले ते नुसतं बघायला. समोर दोन फॉरेनचे टीव्ही. एकाच्या रिमोटला ही लांबलचक वायर, दुसऱ्याचा रिमोट मोकळा, पलंगावर पडून दाबायचा.

"वायरवाला ले जाओ रुपरावजी," ओमप्रकाश म्हणाला. "वो बिना तार का कभी कभी मनमानी करता है."

सोबत आलेल्या बायकोनं, शामलाबाईंनीही हेच सांगितलं. "तारवालाच घ्या. तार दिसली म्हणजे समजते तरी, कोण कोणाले चालवून राहिलं ते. अन् पितरं तं संपू द्या!"

पण रुपराव पडले सरकारी कचेरीत रेकॉर्ड रूमचे कारकून. सगळा जन्म कागद फितीत बांधण्यात गेलेला. बिनतारेचं दिसलं आणि भुलले. "पितरं जेवाले येतात वं, टीव्ही पाहाले नाई येत!" असं भर दुकानात म्हणाले आणि बिनतारेचा घेऊन सायकलरिक्षात बसले.

दुसऱ्याच दिवसापासून सुरू झालं. रुपराव संध्याकाळी कचेरीतून आले, लुंगी नेसायला पँट काढली, आणि रिमोट कपाटावर पडलेला असताना टीव्ही आपोआप लागला! दूरदर्शनचे कार्यक्रम सुरू व्हायला अजून वेळ होता, त्यामुळे पडद्यावर नुसत्या पांढऱ्या मुंग्या आणि खर्रर्र असा आवाज. शामलाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि दारातच थिजल्या.

"अवो... हे तं मामाजीचं खाकरणं."

मामाजी म्हणजे रुपरावांचे वडील, गणपतराव. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा कचेरीतून आला की ते ह्याच खोलीतून आधी खाकरायचे आणि मग विचारायचे, "आला का गा?"

"काही तरीच!" रुपराव म्हणाले. टीव्ही खट्कन बंद झाला.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही तेच. आणि शामलाबाईंनी एक गोष्ट हेरली. त्या एकट्या असल्या की टीव्ही मुका. रुपराव घरात आले, कपडे बदलायला लागले की हा लागलाच.

"माझ्याशी त्याईचं काही काम नाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ते तुमालेच बोलावून राहिले."

"मी कोणाच्या बापाले भेत नाई," रुपराव म्हणाले, आणि कोणाच्या बापाबद्दल बोलतोय हे ध्यानात येऊन त्यांनी घाईघाईने गणपतरावांच्या फोटोला हात जोडले.

रविवारी गणपतरावांची तिथी होती. दुपारची वेळ, पण आभाळ असं भरून आलेलं की घरात दिवेलागणीचा अंधार. शामलाबाईंनी फोटोपुढे वडे, कढी, खिरीचं ताट मांडलं. कौलावर कावळ्याचा घास ठेवला. कावळा समोरच्या भिंतीवर बसून पाहत होता, पण घासाला शिवेना. अर्धा तास झाला तरी शिवेना. रुपराव उघड्या अंगाने, धोतर नेसून फोटोपुढे हात जोडून उभे राहिले.

"बाबा, माझं काही चुकलं असंल तं..." असं म्हणून ते वाकले मात्र, मागे टीव्ही लागला! पांढरा उजेड फोटोच्या काचेवर पडला आणि त्या मुंग्यांमध्ये गणपतरावांच्या मिशा हलल्या. रुपराव लटपटले. टीव्ही बंद. त्यांना कापरंच भरलं. टीव्ही चालू. बंद. चालू. खर्रर्र, गप्प, खर्रर्र!

"माय वं!" म्हणून शामलाबाईंनी खिरीचं भांडं खाली ठेवलं आणि सरळ पेटी भरायला घेतली. "पाचची उमरेडची गाडी हाय. मी भावाकडे चालली. या घरात एक तं हा टीव्ही राहीन, नाई तं मी."

वीस वर्षांत ही बाई रागावून कधी माहेरी गेली नव्हती. जाईन म्हणायची, पण पेटी कधी भरली नव्हती. रुपरावांनी धोतरावरच सदरा चढवला, धावत जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून ओमप्रकाशला फोन केला, टीव्ही परत घे म्हणून अक्षरशः गयावया केली. विकलेला माल परत घेणं ओमप्रकाशच्या धर्मात नव्हतं. त्याने आपला मेकॅनिक चंद्रभान पाठवला.

चंद्रभानने टीव्ही उघडला, झटकला, बंद केला. पाऊण तास काही होईना. शामलाबाई दारात पेटीवर बसलेल्या, नजर घड्याळावर. रुपराव भीतीने घामाघूम होऊन सदरा काढून भिंतीला चिकटलेले.

"काहीच नाई बाप्पा याच्यात," चंद्रभान म्हणाला.

तेवढ्यात तो कावळा खिडकीच्या गजांत येऊन ओरडला. रुपराव वीतभर उडाले. टीव्ही लागला!

शामलाबाई किंचाळल्या. चंद्रभानने मात्र ना कावळ्याकडे पाहिलं, ना टीव्हीकडे. तो रुपरावांच्या कमरेकडे पाहत होता.

"रुपरावजी, करदोड्याले काय बांधलं हाय?"

"रेकॉर्ड रूमच्या किल्ल्या," रुपराव म्हणाले. एकदा एक किल्ली हरवून मेमो मिळाला होता. तेव्हापासून तो जुडगा ते आंघोळीलाही काढत नसत.

"हा रिमोट आवाजावर चालते गा! आपल्याले आईकू येत नाई असा बारीक आवाज. किल्ल्या खुळखुळल्या का तसाच आवाज निघते. पँटीत त्या दबून राहतात. उघड्या झाल्या का टीव्ही समजते रिमोट दाबला." त्याने जुडग्याला टिचकी मारली. बंद. परत मारली. चालू.

शामलाबाई पेटीवरून उठल्या. "म्हणजे हे भेले म्हणून टीव्ही लागला, अन् टीव्ही लागला म्हणून हे अजून भेले?"

"बस, तेच."

"अन् आज ताटापाशी धडाधड लागला, बंद झाला, ते?"

चंद्रभान भला माणूस. तो स्क्रू आवळत बसला. शामलाबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी स्वतःच पेटी आत नेली, आणि रुपरावांना इतकं हायसं वाटलं की ते सगळ्यांसमोर खीर ओरपायला बसले.

प्रकरण तिथेच मिटायचं. पण दिवाळीच्या आधी रिमोट पाण्याच्या बादलीत पडून कायमचा गेला, टीव्हीवरचं बटण आधीपासूनच मोडकं, तसा दुसरा रिमोट अख्ख्या नागपुरात मिळेना, आणि सरकारी किल्ल्या रुपराव बायकोच्याही हातात द्यायला तयार नाहीत. आता दर रविवारी संध्याकाळी गल्लीतल्या बाया सिनेमा बघायला जमतात, शेजारची इंदूबाई पुढची जागा धरते, सगळ्यांचं लक्ष आतल्या खोलीकडे लागतं, आणि शामलाबाई मोठ्यानं हाक मारतात:

"आईकलं का? या इकडे, अन् जरा भेऊन दाखवा!"