हलकं पॅकेज आणि रामरावांची पत्रिका

मला रिकामं बसवत नाही, हा माझा स्वभाव आहे. (बायको याला रोग म्हणते.) परवा रविवारी सकाळी सत्यशीला न्हाणीत होती, तेवढ्यात मी तिच्या कॉम्प्युटरपाशी गेलो. तीर्थपुरीत आमच्या घरीच ती लग्नपत्रिका छापते. रामराव पुतणीच्या लग्नाच्या पत्रिका न्यायला बारा वाजता येणार होते. तिची ही पहिलीच मोठी ऑर्डर, आणि छपाई अजून व्हायची होती.

त्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स मीच टाकलेलं. लॉगिन कोण झालं, पेनड्राइव्ह कोणी उघडायचा, मशीन कोणी बंद करायचं, हे बघणारं त्यात एक पॅकेज, म्हणजे छोटा प्रोग्राम, असतं. इंटरनेटवर कोणीतरी लिहिलं होतं की ते फार जड आहे, दुसरं हलकं टाका, काम तेच करतं. मी लगेच टाकायला घेतलं. मशीननं विचारलं, जुनं काढलं तर आणखी बेचाळीस पॅकेजं जातील, चालेल का? खाली यादीही दिली होती. (मी औषधाची चिठ्ठीसुद्धा वाचत नाही.) मी 'हो' दाबलं.

पत्रिकेत एका काकांचं नाव राहिलं की अख्खी भावकी पंगतीवरून उठते, तसं झालं. त्या बेचाळीस जणांना जुनंच पॅकेज नावानिशी पाहिजे होतं; ते दिसेना, तसे सगळे उठून गेले. डेस्कटॉप गेला, आयकॉन गेले, काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत राहिली.

"काय करून राह्यले तुम्ही?" मागून सत्यशीला.

"काही न्हाई. साफसफाई."

"पत्रिका कुठंय?"

"आतच आहे. बिलकुल बराबर आहे. फक्त दिसत न्हाई."

अकरा वाजले होते. मी तीनदा मशीन बंद-चालू केलं, दोनदा अंगणात जाऊन आलो. हिची ऑर्डर आपण बुडवली, या विचारानं मला खरंच घाम फुटला.

सत्यशीलानं शेजारच्या फरहीनला हाक मारली. ती जालन्याला कॉम्प्युटर शिकते. तिनं आपल्या पेनड्राइव्हवरच्या दुसऱ्या लिनक्सवरून मशीन चालू केलं, पत्रिका शोधली आणि छपाई लावली. रामरावांना दोन चहा होईपर्यंत थांबावं लागलं, पण पत्रिका घेऊन गेले.

मग जुनं पॅकेज परत बसवताना फरहीन म्हणाली, "चाचा, बदलायच्या आधी जुळतंय का, ते बघायचं ना!"

उत्तर सत्यशीलानं दिलं.

"बघून काय होतंय, फरहीन? आमचे छत्तीसपैकी बत्तीस गुण जुळल्ते."