नाक्याचे प्रेरणास्थान

वावटळ उठली आणि जुन्या जकात नाक्याच्या छपरावरचा एक पत्रा उडून थेट शिवकांताबाईंच्या येसराच्या आमटीत पडला. पातेलं दारातल्या चुलीवर होतं. माणसं थोडक्यात वाचली, आमटी वाचली नाही. आत बाकड्यांवर गिऱ्हाइकं भाकरी कुस्करून वाट पाहत बसली होती. त्यांची शेंगदाण्याच्या चटणीवर आणि तेलावर बोळवण करावी लागली.

"आता तरी जा नगरपंचायतीत," शिवकांताबाई नवऱ्याला म्हणाल्या. "आज आमटीत पडला, उद्या डोस्क्यात पडंल."

"जातो की," माणिकप्पा म्हणाले.

"जातो जातो म्हणत बसू नका. उठा!"

माणिकप्पा उठले. नाक्याविषयी त्यांना काही नवं सांगायचं नव्हतं. जकात बंद होऊन जमाना झाला होता, पण नाका मात्र बोरवंडीच्या बाजारपेठेच्या तोंडावर किडक्या दाढेसारखा तसाच उभा होता. भिंतीतून पिंपळ बाहेर आलेला, खिडकीतून कुत्री आत गेलेली, आणि पानवाल्याची सारी गिऱ्हाइकं थुंकायला तिथंच. लातूरहून आलेली एस.टी. फाट्यावर थांबली की उतरणाऱ्याला आधी नाका दिसे. मग तो नाकाला रुमाल लावून समोरच्या हॉटेलात शिरे. नाक्याच्या बरोबर मागे शिवकांताबाईंची खानावळ आहे, हे फक्त जुन्या गिऱ्हाइकांना ठाऊक होतं, आणि जुनी गिऱ्हाइकं वर्षागणिक कमी होत होती. नाका हलला नाही तर खानावळ उठवावी लागणार, हे नवरा-बायको दोघांनाही कळत होतं. बोलून दाखवत होती ती एकटी बायको.

नगराध्यक्ष अमृतराव यांनी माणिकप्पांचं सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावर थाप मारली.

"एक पत्रा काय घेऊन बसलाव अप्पा? आख्खा नाका पाडू! गावाची इज्जत हाय ती."

"त्यो नाका इज्जत हाय?"

"नाका न्हाई हो, जागा! तिथं कायतरी भव्य झालं पायजे. येणाऱ्यानं बस थांबायच्या आधी तोंड उघडलं पायजे."

"साहेब, सध्या तेवढा पत्रा—"

पण भव्य म्हटल्यावर अमृतरावांना धीर निघेना. त्यांनी तिथल्या तिथं माणिकप्पांचा जागरूक नागरिक म्हणून सत्कार केला. सकाळी कुणाच्या तरी वाढदिवसाला आणलेल्या हारांपैकी एक शिल्लक होता, तो त्यांच्या गळ्यात पडला. कारकुनाने मोबाइलवर फोटो काढला. नेमक्या त्याच क्षणी झेंडूची पाकळी डोळ्यात गेली म्हणून माणिकप्पांनी डोळे घट्ट मिटले. पत्र्याचं काय झालं, हे शिवकांताबाईंनी घरी विचारलं तेव्हा त्यांनी हार दाखवला.

"हे शिजवू काय आमटीत?" बाई म्हणाल्या.

पुढच्याच रविवारी नाका सुशोभीकरण समितीची पहिली बैठक भरली. जागेची पाहणी करून चर्चा करायची, आणि जागेजवळ बसायची सोय फक्त खानावळीत. तेव्हा बैठक तिथंच. कापडवाले मल्लेश आले, भुजंग वकील आले, बचत गटाच्या तारामतीबाई आल्या. बैठक म्हटल्यावर जेवण आलं, आणि समितीला जेवू घालणं हा यजमानाचा मानच असतो.

"माझं मत सांगतो," अमृतराव भाकरी मोडत म्हणाले. "दगडी कमान. वर दोन हत्ती."

"हत्ती काय खायला घालतेत का आपल्याला?" मल्लेश म्हणाले. "खाली गाळे काढा. बारा गाळे. माझा माल ठेवायला जागा न्हाई हो!"

"म्हणजे गाव तुमच्या गोदामातून आत जाणार?" भुजंग वकिलांनी चष्मा पुसला. "वाचनालय पाहिजे. तरुण पिढी मोबाइलवर बसून राहिली."

"वाचनालयातबी मोबाइलवरच बसंल ती, पंख्याखाली," मल्लेश म्हणाले.

तारामतीबाई तेवढ्यात म्हणाल्या, "बाजाराच्या दिवशी बायकांना मोकळं व्हायला गावात एक जागा न्हाई. तिथं बायकांसाठी स्वच्छतागृह बांधा, एवढंच माझं म्हणणं हाय."

अमृतरावांनी आमटी वाढायला सांगितली.

"ताई, मुद्दा चांगला हाय," ते शेवटी म्हणाले, "पण वर हत्ती आन् खाली ते... शोभंल का?"

असे बरेच रविवार गेले. नाका होता तिथंच राहिला, आणि त्याच्यापायी दर रविवारी खानावळीची एक पंगत फुकट उठू लागली. माणिकप्पा एकदा भीत भीत म्हणाले, "काहीबी बांधा, पण आमच्या खानावळीचा दरवाजा रस्त्यावरून दिसंल एवढी फट ठेवा." ती सूचना सर्वांनी मनापासून मान्य केली आणि पुढच्या रविवारी विसरून गेले.

अखेर एकदाचं ठरलं. कमान करायची, कमानीला दोन खांब, एका खांबात वाचनालय आणि दुसऱ्यात गाळे. स्वच्छतागृहाचा नंतर सहानुभूतीने विचार. माणिकप्पांना वाटलं, सुटलो. पण खरी लढाई आता सुरू झाली, कारण कमान म्हटली की तिला नाव हवं. अमृतरावांना आपल्या वडिलांचं नाव हवं होतं. मल्लेशच्या आजोबांनी पेठेत पहिलं कापड दुकान काढलं होतं. भुजंग वकिलांचे सासरे निजामाच्या राज्यात एक रात्र कोठडीत होते. ती रात्र कशापायी काढली याविषयी गावात दोन मतं होती, आणि मल्लेशने भर बैठकीत दुसरं मत सांगितलं. भुजंग वकील ताटावरून उठले. त्यांची समजूत काढायला दुसरं ताट वाढावं लागलं.

"नाव मागून बघू," अमृतरावांनी तोड काढली. "आधी लोकांना चित्र तर दिसू द्या. फ्लेक्स लावू. मोठा! नाका झाकला जाईल एवढा."

फ्लेक्स म्हटल्यावर फोटो आले. कोण वर, कोण खाली, कुणाचा चेहरा केवढा, यावर पुन्हा रविवार गेला. माणिकप्पांच्या गाऱ्हाण्यावरून सगळं सुरू झालं, तेव्हा त्यांचाही फोटो हवा, असं तारामतीबाईंनी सुचवलं. पण ते ना अध्यक्ष, ना सदस्य. मग फोटोखाली लिहायचं काय?

"प्रेरणास्थान लिहा," भुजंग वकील म्हणाले. "कुणाचंच काही जात नाही."

फोटो लातूरच्या फ्लेक्सवाल्याकडे मोबाइलवरून गेले. माणिकप्पांचा फोटो एकच होता, सत्काराचा.

फ्लेक्स लागायच्या आदल्या दिवशी देगलूरहून फोन आला. लेक मंजुश्री बाळंत झाली होती. नातवाला बघायला नवरा-बायकोने खानावळीला कुलूप लावलं आणि एस.टी. धरली.

इकडे फ्लेक्स लागला. वर संगमरवरी कमान, हत्ती, कारंजं, कारंज्यापाशी विदेशी दिसणारं एक कुटुंब. मधल्या रांगेत समितीचे हसरे चेहरे. आणि खाली एका कोपऱ्यात, गोल चौकटीत, एकटे माणिकप्पा. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात हार, डोळे मिटलेले. फोटो अंधूक आला होता, म्हणून फ्लेक्सवाल्याने आपल्या मनानेच तो काळा-पांढरा करून टाकला होता. खाली अक्षरं होती: 'प्रेरणास्थान'.

बाजाराला आलेला पहिला माणूस थबकला. त्याने टोपी काढली.

"अरं, माणिकप्पा गेले?"

दुसरा खानावळीकडे बघून आला. कुलूप होतं. आता आणखी कशाला विचारायचं? दुपारपर्यंत बातमी रेणापूरपर्यंत पोचली. संध्याकाळी तिच्यात तपशील भरले. छातीत कळ आली, लातूरला नेलं, वाटेतच. माती देगलूरला केली, कारण जावई तिकडचा. समितीतल्या कुणीही फोन केला नाही. मेलेल्या माणसाला फोन कोण करणार? आणि शिवकांताबाईंना अशा वेळी त्रास कशाला?

माणिकप्पा आणि शिवकांताबाई पेढ्यांचा पुडा घेऊन फाट्यावर उतरले तेव्हा फ्लेक्ससमोर सतरंज्या अंथरलेल्या होत्या. निम्मं गाव बसलं होतं. अमृतराव माइकवर होते.

"...असा माणूस पुन्हा होणे न्हाई. पत्रा आमटीत पडला, पण अप्पा वरडले न्हाईत. त्यांनी गावाचा विचार केला! आपण समितीत किती भांडलो. तुझा बाप, माझा बाप. आज मला माझी लाज वाटून राहिली. मी ठराव मांडतो. ह्या कमानीला आपल्या अप्पांचंच नाव द्यायचं. 'कैलासवासी माणिकप्पा प्रवेशद्वार'!"

"माझं अनुमोदन हाय," मल्लेश डोळे पुसत उठले. "गाळे कमी झाले तरी चालतील."

"माझंही," भुजंग वकील म्हणाले.

"आन् स्वच्छतागृह?" तारामतीबाईंनी विचारलं.

"तेबी धरा! अप्पांच्या आत्म्याला बरं वाटंल. उद्याच नाका पाडायला मशीन बोलावतो."

बोरवंडीच्या इतिहासात कधी झालं नव्हतं ते झालं. एकही हात विरोधात उठला नाही. मागे उभ्या माणिकप्पांना माइकच्या खरखरीत नाव ऐकू आलं नव्हतं, तरी तेही हेलावून गेले. डोळे पुसता पुसता त्यांनी शेजारच्याला विचारलं, "कोण गेलं हो?"

शेजारच्याने वळून पाहिलं आणि सतरंजीवर बसकण मारली.

मग जो गोंधळ उडाला तो शांत व्हायला वेळ लागला. कुणी त्यांना चिमटे काढून बघितलं. शिवकांताबाईंनी फ्लेक्सवरचा नवरा पाहिला, शेजारचा पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"डोळे उघडता येत नव्हते का तुम्हाला फोटोपुरते?"

पेढे वाटले गेले. लोकांनी खाल्ले, पण पेढा कशाचा हे विचारायचं भान कुणाला नव्हतं. गावाला आनंद झाला नाही असं नाही. मात्र अमृतरावांनी माइक बंद करून त्याची वायर गुंडाळायला घेतली.

"साहेब," माणिकप्पा त्यांच्याजवळ जाऊन म्हणाले, "मशीन उद्या किती वाजता येईल?"

"कसलं मशीन?"

"नाका पाडायचं. आत्ता ठराव झाला न्हवं?"

"अप्पा, ठराव कैलासवासी माणिकप्पांचा झाला हो. तुम्ही तर जिवंत हाव. जित्या माणसाचं नाव कसं देणार कमानीला?"

"मग माझं नाव काढा. तुमच्या वडलांचं द्या."

"का म्हणून?" मल्लेश तिथूनच कडाडले. "मग आमच्या आजोबांनी काय पाप केलं?"

"आणि माझ्या सासऱ्यांचं काय?" भुजंग वकिलांनी विचारलं.

अमृतरावांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "एकमत झालंय ते मोडायचं न्हाई. ठराव कायम. फक्त अंमलबजावणी..." त्यांनी माणिकप्पांकडे बघून शब्द शोधला. "...योग्य वेळ आल्यावर." मग खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "घाई न्हाई अप्पा. तुमच्या सवडीनं."

खानावळीचे पुढचे दिवस फार वाईट गेले. आधी वाकून बघितलं तर खानावळीचं दार तरी दिसायचं, आता हत्तींच्या आड तेही गेलं. आणि ज्यांना माणिकप्पा जिवंत असल्याचं कळलं होतं, तेही सुतकाचं घर म्हणून समोरच्या हॉटेलात जेवू लागले.

"आमच्या लिंगायतात सुतक पाळत न्हाईत," शिवकांताबाई दारात उभ्या राहून सांगायच्या. "आन् माणूस मेलाबी न्हाई!"

"हाव, ते खरं हाय बाई," गिऱ्हाईक म्हणायचं. "पण दहावं होऊन जाऊ द्या एकदा."

बाकडी रिकामी पडली. भाकरी उरू लागली. एके दिवशी माणिकप्पांनी मोठी पातेली घासून पालथी घातली. विकायचीच म्हणून. त्या रात्री दोघंही जेवली नाहीत.

सकाळी मल्लेश आले. बऱ्याच दिवसांनी आले होते. जेवायला बसले, पण लक्ष ताटात नव्हतं.

"अप्पा, तब्येत कशी हाय?"

"बरी हाय की."

"अच्छा," मल्लेश जरा नाराज झाले. "बीपी वगैरे?"

"न्हाई."

दुपारी अमृतराव येऊन जेवून गेले. त्यांनीही तब्येत विचारली, निवडणूक पुढच्या वर्षी आहे हेही सांगितलं. मग भुजंग वकील आले. कमान कधी होणार असं ज्याच्या त्याच्या मनात होतं, आणि त्याचं उत्तर फक्त माणिकप्पांच्या चेहऱ्यावर मिळत होतं. गाळ्यांची आशा धरून बसलेले व्यापारी येऊ लागले. वाचनालयात नोकरी लागेल म्हणून पोरं येऊ लागली. नुसतं डोकावून जाणं बरं दिसत नाही, म्हणून प्रत्येक जण जेवून जायचा. तारामतीबाई तेवढ्या खरंच तब्येतीसाठी यायच्या, असं त्या म्हणायच्या.

गुरुवारी बाजार होता. माणिकप्पांना मिरचीचा ठसका लागला आणि ते गल्ल्यावर बसल्या बसल्या चांगलेच खोकले. ही बातमी बाजारात गेली. तासाभरात बाकडी भरली, सतरंजीवर माणसं बसली, दारात रांग लागली. शिवकांताबाईंना भात दुसऱ्यांदा लावावा लागला.

तिसऱ्या प्रहरी गर्दी ओसरली. माणिकप्पा थकून टेकले होते. बाहेर फ्लेक्स वाऱ्याने फडफडत होता, आणि त्यामागे नाका होता तसाच उभा होता.

आतून शिवकांताबाईंनी डोकावून पाहिलं. भाकऱ्यांची चळत उरली होती.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "जरा दाराकडं तोंड करून खोका की."