उपाशी जास्वंद

तयारी करावी तर माझ्यासारखी. हे मी स्वतःच्याच तोंडानं सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगायला तयार नाही.

सोमवारी माझ्या पाठाची तपासणी होती. शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षं काढली होती. आता साहेब येऊन वर्गात बसणार, शेरा लिहिणार आणि मी नोकरीत कायम होणार की घरी जाणार, ते त्या शेऱ्यावर ठरणार. मुख्याध्यापकांनी आधीच बजावलं होतं, "रजत सर, विषय येते तुमाले. पन मधातच तंद्री लागते. साहेबासमोर हरवू नका बरं."

तंद्री लागते हे खरं आहे, पण त्यात माझा काय दोष? माझं बालपण गेलं राजूरला, कोळशाच्या खाणीजवळ. तिथं झाडांची पानं काळी असतात. मी बोटानं एकेक पान पुसायचो आणि आतून हिरवं निघालं की खुळ्यासारखा बघत बसायचो. नोकरीसाठी आर्णीकडच्या या गावात आलो, तर इथं सगळी पानं आधीच पुसलेली. माणूस बघत बसणार नाही तर काय करणार?

तर पाठ होता दहावीचा, 'पान आपलं अन्न कसं तयार करतं'. प्रयोग साधा आहे. कुंडीतलं झाड दोन दिवस अंधारात ठेवायचं, म्हणजे पानांतलं साठवलेलं स्टार्च संपतं. मग ते उन्हात ठेवायचं, म्हणजे पान नवं स्टार्च बनवतं. मग पान गरम स्पिरिटमध्ये बुडवून त्याचा हिरवा रंग काढायचा आणि वर आयोडीनचे थेंब टाकायचे. स्टार्च असेल तर पान काळंनिळं पडतं. मुलं टाळ्या वाजवतात, साहेब शेरा लिहितात.

रविवारी दुपारी घरीच तालीम करायचं ठरवलं. झाड म्हणून घरमालकीण वच्छलाबाईंच्या ओट्यावरची जास्वंदाची कुंडी गुरुवारीच माझ्या लोखंडी कपाटात नेऊन ठेवली होती. त्यांना विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. शुक्रवार आणि शनिवार त्या शेजारच्या शेळीला शिव्या देत होत्या. मी दोन्ही वेळा मान हलवून सहानुभूती दाखवली.

पातेल्यात पाणी उकळलं आणि गॅस बंद केला. स्पिरिट आगीजवळ नेत नाहीत, एवढं मला तंद्रीतही कळतं. शाळेतून आणलेल्या बाटलीतलं स्पिरिट छोट्या भांड्यात ओतलं, त्यात जास्वंदाचं पान सोडलं आणि ते भांडं गरम पाण्यात ठेवून वर ताटली झाकली. वास बाहेर जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं. बाटलीचं लेबल झुरळांनी खाल्लं होतं, पण आतला माल चांगला होता.

मग मी ताटली थोडी सरकवून बघत बसलो. पानातून हिरवा रंग हळूहळू सुटत होता. मला वाटलं, या पानात लाखो पेशी, म्हणजे लाखो खोल्या. प्रत्येक खोलीत हिरवे दाणे बसलेत आणि आता ते एकेक करून बाहेर पडताहेत, बाजार उठल्यावर माणसं निघतात तसे, कुठलीही घाई न करता. मी त्यांच्यामागून एका खोलीत शिरलो. आत गार वाटत होतं. कुणीतरी उन्हाची भाकर थापत होतं. मला फार सुख वाटलं. तेवढ्यात कुणीतरी त्या खोलीचं दार काठीनं ठोकायला लागलं.

दार माझंच होतं. उघडलं तर समोर वच्छलाबाई आणि त्यांच्यामागे गावाच्या दारूबंदी समितीच्या पंधरा बाया. सर्वांत पुढे तांड्यावरच्या रुपीबाई. त्या समितीच्या अध्यक्ष. मागच्या वर्षी त्यांनी नाल्यातल्या अकरा भट्ट्या फोडल्या होत्या आणि बाराव्या भट्टीचा मालक नुसतं त्यांना बघून गाव सोडून गेला होता.

"सर, घरातून वास येऊन राह्यला," वच्छलाबाई म्हणाल्या. "मले सकाळपासूनच शंका होती. हा मानूस हसत हसत कायले बसते म्हटलं एकटाच."

रुपीबाईंनी आत येऊन पातेल्यात डोकावलं. भांड्यावर भांडं, वर झाकण आणि झाकणातून टपटप गळणारे थेंब. भट्टी याहून वेगळी दिसत नाही.

"काय हाय हे, मास्तर?"

"प्रयोग आहे. मी पान उकळतोय."

"पान टाकून काढता? नवीनच दिसते हे," रुपीबाई म्हणाल्या आणि त्यांनी बाटली उचलून लेबल शोधलं.

तेवढ्यात वच्छलाबाईंनी कपाट उघडलं. आतली कुंडी बघून त्या मटकन खाली बसल्या. आता माझ्यावर दोन गुन्हे होते, दारू आणि जास्वंद. समितीचा नियम सरळ होता. माल नालीत ओतायचा आणि माणूस चावडीवर न्यायचा. म्हणजे सोमवारी साहेबांच्या कानावर पहिली बातमी हीच जाणार.

"पाच मिनिटं द्या," मी हात जोडले. "पान काळं पडलं तर मी खरा. नाही पडलं तर चावडीवर न्या."

बाया बसल्या. मी जीव तोडून शिकवलं. पान ऊन खातं, पाणी पितं, हवेतला वायू घेतं आणि आपलं जेवण आपणच रांधतं. तेच स्टार्च आपल्या भाकरीत येतं आणि तोंडात चावत राहिलं की गोड लागतं. पांढरं पडलेलं पान गरम पाण्यात धुतलं, ताटलीत पसरलं आणि आयोडीन टाकलं.

पान जसंच्या तसं राहिलं.

"मास्तर, चला चावडीवर," रुपीबाई उठल्या.

मी घाबरून माझ्या ताटातल्या ज्वारीच्या भाकरीवर थेंब टाकला. ती क्षणात काळीनिळी झाली. रुपीबाई परत बसल्या. त्यांनी भाकर पाहिली, पान पाहिलं, मग कपाटाकडे पाहिलं.

"झाड किती दिस होतं अंदर?"

"तीन."

"मंग उन्हात कवा ठेवलं?"

मी आठवून पाहिलं. आज सकाळी ठेवायचं होतं. सकाळी मी खिडकीतून कडुलिंब बघत बसलो होतो.

"तुमीच म्हनता पान ऊन खाते. तीन दिस त्याले कोंडून ठेवलं, तं खाईन काय थे? उपाशी हाय मास्तर हे पान. औषध खरं बोलून राह्यलं."

"माह्या जास्वंदाले उपाशी ठेवलं होय?" वच्छलाबाईंचा आवाज फुटला. दारू त्या विसरल्या, पण हे शेवटपर्यंत विसरल्या नाहीत.

शेवटी निवाडा असा झाला की, प्रयोग खरा, पण बाटली समितीच्या ताब्यात. आपल्या डोळ्यांसमोर वापरली गेली तरच रुपीबाई ती देणार होत्या. कुंडीही त्यांनीच नेली.

सोमवारी बारा वाजता साहेब मागच्या बाकावर, मी फळ्यापाशी आणि रुपीबाई बाटली मांडीवर घेऊन पहिल्या बाकावर. कुंडी त्यांनी सकाळपासून उन्हात ठेवली होती आणि एका पानावर मी सांगितल्याप्रमाणे काळ्या कागदाची पट्टी लावली होती. मी सुरुवात छान केली. पट्टी काढली, पान स्पिरिटमध्ये सोडलं. हिरवा रंग सुटू लागला. बाजार उठल्यासारखे दाणे निघाले, एक दार उघडं दिसलं आणि मी म्हटलं, एकच क्षण आत डोकावून येऊ.

परत आलो तेव्हा रुपीबाई फळ्यासमोर होत्या. हातात पान होतं, पट्टीपुरतं पांढरं, बाकी काळंनिळं.

"पाहा पोट्टेहो, एवढ्या जागी ऊन नाई भेटलं, थे उपाशी. बाकीचं पोटभर जेवलं. ह्याच्या जेवनातूनच आपली भाकर. आता भाकर तोंडात धरून चावत राहा. गोड लागते का नाई? म्हंजे पचाले तोंडातच सुरुवात झाली. हे काल मास्तरनच सांगतलं मले."

मुलं टाळ्या वाजवत होती. साहेब लिहीत होते. मीही टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी मुख्याध्यापकांनी शेरा वाचायला दिला. 'पाठ अत्यंत प्रभावी. प्रयोग यशस्वी. कायम करण्यास हरकत नाही.' मला आनंदानं रडू आलं. डोळे पुसले तेव्हा खालची ओळ दिसली.

'संबंधित शिक्षकही वर्गात उपस्थित होते.'